फळी लावून मारलेल्या नऊ रेघा

ग्राफ काढण्यात आमच्या खाडीपासून तारकर्लीपर्यंत माझा हात धरणारा कोणी नाही. ग्राफ म्हणजे काय, ते मला गेल्या वर्षी सुनेनं सांगितलं.

त्याआधी मी त्याला रेघा म्हणायचो. बायको त्याला येडेपणा म्हणायची. दोघांचंही बरोबर होतं.

मी होड्या रंगवतो. खाडीच्या काठाला माझा मांगर आहे. मांगर म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि एका बाजूनं पाण्यात उतरत गेलेली एक चिऱ्याची भिंत, बाकी सगळं उघडं. होडी वर ओढून घ्यायची, घासायची, रंग मारायचा आणि शेवटी तोंडावर नाव घालायचं. एकदा एक होडी नवीकोर निळी रंगवली आणि मी जेवायला घरी गेलो. बांगड्याचं तिखलं होतं, म्हणून वायच जास्त जेवलो, मग वायच पडलो. पुनवेची भरती नेहमीपेक्षा वर आली आणि ओला रंग धुऊन घेऊन गेली. दोन दिवस खाडी निळी आणि होडीचा मालक लाल.

तेव्हापासून मी भरतीवर पाळत ठेवली. रोज दिवसाची भरती उतरली की भिंतीवर ओल कुठपर्यंत चढली ते दिसतं. तिथं खिळ्यानं ओरखडा मारायचा आणि उरल्या रंगाचं बोट फिरवायचं. दुसऱ्या दिवशीची रेघ बाजूला, दोन बोटं सोडून. अमावास्या-पुनवेला रेघा वर चढतात, अष्टमीच्या सुमाराला खाली उतरतात. चार महिन्यांत भिंत भरते. मग चुना मारायचा आणि परत पहिल्यापासून. असं बारा वर्षं चाललंय. "एक दिवस चुकलंय नाय," असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. कोणी विचारत नसे, तरी सांगायचो.

आता सुनेचं सांगतो. माझा मुलगा मोठ्या बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घराचं तोंड बघत नाही. सून कणकवलीच्या पलीकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. लग्नाआधी तिनं समुद्र एकदाच बघितलेला, शाळेच्या सहलीत, तोही ओहोटीचा. पण डोकं असं की विचारू नका. कॉलेज केलं, आणि लग्नानंतर घरात बसून लॅपटॉपवर प्रोग्राम लिहायला शिकली. सहा वर्षांत मला एकदाही उलटून बोलली नाही. बायकोची तिच्याबद्दल तेवढी एकच तक्रार होती.

गोव्याच्या एका कंपनीत तिनं अर्ज केला होता. भरती-ओहोटीचे, वाऱ्याचे आकडे घ्यायचे आणि त्यांचे ग्राफ काढून बंदरवाल्यांना द्यायचे, असलं काम. घरात बसून करायचं. शेवटची मुलाखत लॅपटॉपवरच, दुपारी तीन वाजता. अट अशी की आकडे स्वतः गोळा केलेले पाहिजेत आणि ग्राफ त्यांच्या डोळ्यांसमोर काढून दाखवायचा. याआधी दोन ठिकाणी ती अशीच शेवटपर्यंत जाऊन परत आली होती. ह्या वेळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "ह्या जमला नाय तर मी तो लॅपटॉप कपाटात ठेवन देतलंय." रडत म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती चवळीच्या शेंगा मोडत म्हणाली. मी तिच्याबरोबर शेंगा मोडायला बसलो.

आकडे कुठले घ्यायचे ह्याचा विचार करत ती एकदा जेवणाचा डबा घेऊन मांगरात आली आणि भिंतीकडे बघत उभीच राहिली.

"बाबा, ह्या काय?"

"भरतीच्यो रेघो. एक दिवस चुकलंय नाय."

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आली. एक टोक मी धरलं, एक तिनं. एकेक रेघ मोजून आकडा वहीत. एकशेबारा रेघा झाल्या. मधेच एका ठिकाणी थांबली.

"बाबा, ह्यो नऊ रेघो एकदम एकसारख्यो कश्यो?"

"त्या दिसांनी दर्या सपाट होतो," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, रेघांकडे बघितलं आणि आकडे लिहिले. नऊच्या नऊ रेघा एकाच हिरव्या रंगाच्या होत्या, हेही तिनं बघितलं असणार. पण सांगितलं ना, उलटून बोलायची नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिनं आम्हा दोघांना लॅपटॉपसमोर बसवलं. डाव्या बाजूला फायलींची नावं, मधे लिहायची जागा, खाली एक पट्टी, तिथं मशीन काय बोलायचं ते बोलतं. तिनं एक हिरवा त्रिकोण दाबला आणि उजव्या बाजूला निळी रेघ उमटली. वर चढली, खाली उतरली, परत वर, परत खाली. मधे एका ठिकाणी पाटासारखी सपाट.

बायको म्हणाली, "ह्या तर तुमच्या भिंतीसारख्याच दिसता."

"तीच भिंत आसा, आई," सून म्हणाली. "ह्याका ग्राफ म्हणतत. बाबांनी तो आधीच काढलेलो, मी फक्त हंय आणलंय."

तर असं मला बारा वर्षांनी कळलं मी काय करत होतो ते. त्या दिवशी मी वाडीत तीन घरी जाऊन सांगून आलो. चौथ्या घरात कोणी नव्हतं, तिथं कुत्र्याला सांगितलं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी सून परत लॅपटॉपवर बसली. कालच्या फायलीत खाडाखोड फार होती म्हणून तिनं नवीन स्वच्छ फाईल केली, कामाचं तेवढं तिच्यात उचलून आणलं आणि ठेवायला गेली तर मशीन म्हणालं, नाव काय देऊ? एवढ्यात रस्त्यावर गॅसच्या गाडीचा भोंगा वाजला. आमच्याकडे गॅसची गाडी म्हणजे पाव्हणा नव्हे थांबायला. भोंगा वाजवते आणि सुटते. बायको मासळी घ्यायला गेलेली. सुनेनं रिकामा सिलिंडर उचलला.

"बाबा, तो नाव विचारता. कायव बरा नाव घाला आणि ता मोठा बटण दाबा. माका गाडी गाठूची आसा!"

गेली.

नाव घाला! अहो, आयुष्यभर मी दुसरं केलं काय? हजारभर होड्यांवर नावं घातली असतील. आता मी दुसरीपर्यंत शिकलेला, ती दुसरीसुद्धा दोनदा. मराठी मी बोट ठेवून वाचतो. इंग्रजी मी वाचत नाही, इंग्रजी मी काढतो. होडीचा नंबर इंग्रजीत असतो. मालक कागदावर लिहून देतो, मी बघून चित्र काढल्यासारखा काढतो. एकदा कागदावर आमटीचा थेंब पडलेला, मी तोही काढला. काळा, गोल, सुबक. नंबर तपासणारा साहेब म्हणाला, हे टिंब कसलं? मालकानं मला जे सांगितलं ते इथं लिहिता येत नाही. पण तेव्हापासून एक शिकलो : पायाशी टिंब आलं की थांबायचं. टिंब नावात नसतं.

तर मी खुर्चीवर बसलो. होडीचं नाव कुठं असतं? तोंडावर. सगळ्यात पुढं. म्हणून मी सगळ्यात पहिली ओळ बघितली. तिथं एक शब्द, मग दुसरा लांबलचक शब्द, मग टिंब, मग आणखी काहीबाही. दुसरी ओळ बघितली, तर तीसुद्धा त्याच पहिल्या शब्दानं सुरू. तिसरीही. मी मनात म्हटलं, कळलं! हा म्हणजे 'श्री' आहे. होड्यांच्या नावात पहिला सगळीकडे 'श्री' असतो, आणि जागा कमी असली की आम्ही तो गाळतो. इथं चौकट एवढीशी, म्हणून 'श्री' गाळला. राहिला तो लांबलचक शब्द, टिंबापर्यंत. मोजला तर दहा अक्षरं.

पण किल्ल्यांवरची अक्षरं वेगळी आणि पडद्यावरची वेगळी. मग एकेक किल्ली दाबून बघितली, पाहिजे ती ठेवली, नको ती खोडली. तीन पायांची कमान. पोटवाला. आडवी काठी मारलेला खांब, तो दोनदा आला. एका खांबाच्या डोक्यावर टिकली, म्हटलं ही टिकली वर आहे, पायाशी नाही, ही चालते. शेवटी खांबाला पोट. घाम फुटला. पण बसलं सगळं. मोठं बटण दाबलं. चौकट गेली. मी उठून दोन पावलं मागं सरून बघितलं, होडीवरचं नाव बघतात तसं. डाव्या बाजूच्या यादीत माझं नाव सरळ, सुबक दिसत होतं.

सून घामाघूम होऊन आली. सिलिंडर मिळाला होता.

"घातलास नाव?"

"घातलंय. असा नाव घातलंय की बघत रव."

ती बघायला बसली नाही. बसली आणि तडक हिरवा त्रिकोण दाबला. उजव्या बाजूला काही नाही. खालच्या पट्टीत तांबड्या ओळी भराभरा उमटल्या.

"आता ह्याका काय झाला?" तिनं वाचलं. "मॅटप्लॉटलिबच नाय म्हणता."

"ता कोण?"

"ग्राफ काढूची लायब्ररी, बाबा. ग्राफ मी काढणय नाय, ती काढता. मी फक्त तिका हाक मारतंय."

तिनं परत दाबलं. परत तांबडं. सगळं बंद करून चालू केलं. तांबडं. मग तिनं कालची फाईल उघडली, आमच्यासमोर चाललेली. ती दाबली. तीसुद्धा तांबडी.

तिथं तिचा चेहरा पडला. "कालची फाईल मी हातसुद्धा लावूक नाय. तीव चलना नाय. म्हणजे लायब्ररीच बिघडली."

मी लगेच उपाय सुरू केले. मशीन बिघडलं की मला राहवत नाही. म्हटलं, दमट हवेनं झालं असेल, जरा उन्हात ठेवूया. ती म्हणाली, नको बाबा. म्हटलं, पालथा करून पाठीवर थोपटून बघू? होडीच्या इंजिनाला लागू पडतं. तिनं लॅपटॉप माझ्यापासून हळूच पलीकडे सरकवला. म्हटलं, काल कोणी दृष्ट लावली असेल, मी तीन घरी सांगितलंय. ह्यावर तिनं माझ्याकडे पाठ केली, आणि ते जास्त लागलं.

कणकवलीच्या क्लासच्या सरांना तिनं फोन लावला. ते म्हणाले, लायब्ररी काढून टाका आणि परत घाला. पण परत घालायची तर ती इंटरनेटवरून उतरवायची, आणि आमच्या घरात रेंज म्हणजे देवाचा कौल, मिळाला तर मिळाला. रेंज आहे ती खाडीवर, माझ्या मांगरात. म्हणून वरात निघाली. पुढं मी, मोबाईल डोक्याच्या वर धरून. मागून सून, लॅपटॉप दोन्ही हातांवर, उघडाच, कारण मिटला तर आणखी काय होईल ह्याची तिला भीती. वाटेत बायको भेटली, मासळीची पिशवी घेऊन.

"खंय चललात? त्याका विसर्जन करूक?"

सुनेला हसू आलं नाही. मग बायकोसुद्धा पिशवी घेऊन मागून आली.

मांगरात एका उलट्या होडीवर लॅपटॉप ठेवला. लायब्ररी काढली. परत घालायला घेतली. पडद्यावर एक पट्टी भरत होती. आम्ही तिघं तिच्याकडे बघत बसलो.

बायको म्हणाली, "भरती ह्याच्यापेक्षा बेगीन चढता गो."

भरती खरंच चढत होती. पाणी भिंतीच्या दुसऱ्या चिऱ्याला लागलं तेव्हा पट्टी भरली. सुनेनं कपाळावरचा घाम पुसला आणि हिरवा त्रिकोण दाबला.

तांबडं. तेच्या तेच.

दोन वाजून गेले होते. सून तांबड्या ओळींकडे बघत बसली. मग म्हणाली, "बाबा, मी त्यांका फोन करून सांगतंय, माका जमाचा नाय. तीन वाजता त्यांच्यासमोर तोंड पाडून बसण्यापेक्षा आधीच सांगलेला बरा." आणि तिनं मोबाईल हातात घेतला.

बायकोनं माझ्याकडे बघितलं, काहीतरी करा अशा नजरेनं. मला काय करता येतंय? पण काहीतरी करतोय असं दिसायला पाहिजे म्हणून मी पुढं वाकून त्या तांबड्या ओळी बघायला लागलो, कळत असल्यासारखा. आणि काय सांगू, मला त्यात माझं अक्षर दिसलं! तीन पायांची कमान, पोटवाला, काठीवाला खांब... शेवटी खांबाला पोट. शेवटच्या ओळीत एक सोडून दोनदा, आणि वरच्या ओळीत एकदा.

"अगो!" मी ओरडलो. "ह्या नाव मी ओळखतंय!"

"कसला नाव?"

"ह्या! सकाळी मी घातलेला. फाईलीक. बघ कसा तांबड्यान लिवल्यानी. तीन-तीन वेळा!" मला वाटलं, मशीनलासुद्धा आवडलंय.

सुनेनं मोबाईल खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग डावीकडच्या यादीकडे, सकाळपासून पहिल्यांदाच नीट, बघितलं.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी फाईलीक मॅटप्लॉटलिब नाव दिलास?"

"पहिल्याच ओळीत होता. 'श्री' गाळलंय. टिंबाक थांबलंय."

भिंतीवर पाणी थपथप करत होतं. मग तिनं मला समजावलं. ते मी आता तिच्याच शब्दांत सांगतो, माझ्या शब्दांत सांगितलं तर परत बिघडेल.

"बाबा, आपल्या वाडयेत एकाच नावाचे दोघे आसत ना? एक खालच्या अंगाचो, एक वरच्या अंगाचो. वरच्याचा पत्र इला की पोस्टमन काय करता?"

"खालच्याच्याच घरात टाकता. जवळ पडता."

"तसाच झाला. प्रोग्राम त्या लायब्ररीक हाक मारता, ये आणि ग्राफ काढ. मशीन आधी जवळच्या घरात बघता. जवळच्या घरात त्याच नावाची आपली फाईल. म्हणजे प्रोग्राम स्वतःकच हाक मारता. आणि आपल्या फाईलीक ग्राफ काढूक कुठे येता? म्हणून कालची फाईलव चलना नाय. तीव त्याच घरात रवता."

बायको म्हणाली, "म्हणजे ह्यांच्यासारख्याच. ह्यांका काम सांगला की हेच इकडे तिकडे बघतत, कोणाक सांगला म्हणान."

सुनेनं माझं सुबक दहा अक्षरी नाव खोडलं आणि चार-पाच किल्ल्या टकटक दाबून दुसरं घातलं.

"काय घातलंस?"

"भिंत."

हिरवा त्रिकोण दाबला. निळी रेघ उमटली. वर चढली, खाली उतरली, मधे पाटासारखी सपाट झाली, परत चढली. बायकोनं हात जोडले. मी म्हटलं, "बघ, मीच शोधून काढलंय ना शेवटी?" दोघीही एकाच वेळी म्हणाल्या, "व्हय." ते 'व्हय' कसलं होतं ते मला कळलं.

घरी जायला वेळ नव्हता, आणि तिथं रेंजचा भरवसाही नव्हता. मुलाखत मांगरातूनच द्यायची ठरली. सुनेनं केस सारखे केले, होडीवर लॅपटॉप नीट लावला आणि मला पडद्याच्या मागच्या बाजूला रंगाच्या डब्यावर बसवलं. "बाबा, तुमी हंय बसा. पण बोलू नकात."

तीन वाजता पडद्यावर एक बाई आल्या. मी मान वाकडी करून बघितलं. चष्मा, आखूड केस. बोलल्या त्या सगळं इंग्रजीत. मी मनात म्हटलं, हिला आपलं काय कळतंय? आणि बायकोला सांगितलं, "हसता तेव्हा शिजवलेल्या तिसऱ्यांचो शिंपलो उघडल्यासारखी दिसता बघ."

बायकोनं मला चिमटा काढला.

सून इंग्रजीत फाडफाड बोलत होती. एकदा तिनं लॅपटॉप फिरवून भिंत दाखवली. पाणी अर्ध्या भिंतीला आलेलं, वर रंगीत रेघांच्या लाटा. बाई "वाव" म्हणाल्या. तेवढं मला कळलं. मी बायकोला म्हटलं, "बघलंस? गोव्यापर्यंत नाव झाला."

मग ग्राफ आला. बाईंनी काहीतरी विचारलं आणि सून एकदम थांबली. पडद्यावर एक बाण हलत होता, तो त्या सपाट जागेवर येऊन थांबला होता. इंग्रजी मला कळत नाही, पण बोट कुठं ठेवलंय ते कळतं.

"सांग तिका," मी डब्यावरून कुजबुजलो, "त्या दिसांनी दर्या सपाट होतो."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. सहा वर्षांत तिनं माझ्याकडे अशी बघितली नव्हती. दर्या सपाट होता म्हणून सांगितलं तर बाई हसणार, कारण दर्या काय असतो ते त्यांना माहीत, आणि नोकरी गेली. सासऱ्यानं खोट्या रेघा मारल्या म्हणून सांगायचं, तर सासरा समोर डब्यावर बसलेला. बाई वाट बघत होत्या. पाणी थपथप करत होतं.

बायकोनं भिंतीवरच्या त्या सपाट रेघा मोजल्या आणि माझ्या कानाशी आली. "नऊ दिस? तेव्हा तुमी बांद्याक लग्नाक गेल्लात ता?"

तेच ते. बांद्याला चुलतभावाच्या मुलीचं लग्न. दोन दिवसांसाठी गेलो आणि जेवण इतकं चांगलं की नऊ दिवस राहिलो. परत आलो तर भिंतीवर नऊ रेघांची जागा मोकळी, आणि मी तर सगळ्यांना सांगून बसलेला, एक दिवस चुकलो नाही. मग एक लांब फळी घेतली, भिंतीला आडवी लावली आणि तिच्या कडेनं उरल्या हिरव्या रंगात नऊ रेघा एका दमात मारल्या. दिसायला छान दिसल्या. तेव्हा मला काय माहीत की कोणी गोव्यात बसून त्यांच्यावर बाण ठेवेल?

मी उठलो. उठताना डबा लाथेनं कलंडला. लॅपटॉपच्या समोर गेलो आणि कॅमेरा कुठं असतो ते माहीत नसल्यामुळं पडद्याला नाक लावून बोललो.

"बाईनू, तो दर्या सपाट नव्हतो. मी सपाट होतंय. लग्नाक गेल्लंय आणि नऊ दिसांच्यो रेघो एका दिसात मारलंय, फळी लावन. हिच्यात हिचो काय दोष नाय. हिना माका विचारलेला, मीच फसवलंय. आणि आज सकाळी फाईलीक नाव घालून मशीन बंद पाडलंय, तोव मीच."

एवढं बोलून मी मागं सरलो. सुनेनं डोळे मिटले होते. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि कोंकणीत म्हणाल्या,

"मामा, म्हाका सगळें कळटा. पयलीं सावन कळटा. आनी तिसऱ्यो म्हाका खूब आवडटात."

मी मांगराबाहेर जाणार होतो, पण बाहेर पाणी होतं.

मग बाई सुनेकडे वळल्या आणि पुन्हा इंग्रजीत काहीतरी विचारलं. सुनेनं डोळे उघडले, दोन ओळी भरभर लिहिल्या आणि हिरवा त्रिकोण दाबला. निळी रेघ परत आली, पण त्या सपाट जागेवर आता काहीच नव्हतं. रेघ तिथं तुटली होती आणि नऊ दिवसांनी पुढं सुरू झाली होती. मी बायकोला हळूच विचारलं, मोडलं की काय? नंतर कळलं, बाईंनी विचारलं होतं, आता ह्या नऊ आकड्यांचं काय करणार? आणि सून म्हणाली होती, जे मोजलंच नाही ते मी काढणार नाही, मोकळं सोडीन. बाई बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या. मग त्यांनी सकाळच्या बिघाडाचं सगळं विचारून घेतलं, आणि पोस्टमनचं ऐकून परत तिसऱ्यांसारख्या उघडल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, भरती उतरल्यावर मेसेज आला. सुनेला घेतलं. तिनं तो तीनदा वाचला, मग बायकोला वाचून दाखवला, मग मला. बायकोनं दारात उभं राहून शेजारणीला हाक मारली. आणि मी गप बसणार होय? मी तडक मांगरात गेलो, सगळ्यात बारीक ब्रश घेतला, एका करवंटीत तांबडा रंग घेतला आणि घरी आलो. मनात ठरवलेलं : एवढी नोकरी मिळवून दिली त्या लॅपटॉपनं, त्याच्या झाकणावर एक नाव घालूया. होडीला घालतो तसं. ह्या वेळी 'श्री' गाळायचा नाही. जागा भरपूर होती.

लॅपटॉप मिटलेला टेबलावर होता. मी ब्रश बुडवला, एक डोळा मिटून जागा मापली. तेवढ्यात सून आतून चहा घेऊन आली. बघितलं. चहा खाली ठेवला. सहा वर्षांत जो आवाज कधी ऐकला नव्हता, तो आवाज आला. बायको स्वयंपाकघरातून धावत ऐकायला आली.

"बाबा, तो ब्रश थंयच ठेवा. आधी भिंतीर जावन आजची रेघ मारा. आजचीच. आणि फळी हंय ठेवन जावा."